फाशीऐवजी इंजेक्शन : ही दया नेमकी कुणावर?

गळफासाऐवजी प्राणघातक इंजेक्शनचा पर्याय कैद्याला मिळावा, ही मागणी २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. ऑक्टोबर २०२५ मधल्या सुनावणीत असा पर्याय देणं व्यवहार्य नाही, असं केंद्र सरकारने सांगितलं आणि सरकार काळाप्रमाणे बदलायला तयार नाही, अशी नाराजी खंडपीठाने बोलून दाखवली. तेव्हापासून ठाण्यात चार शिकलेली माणसं जमली की हा विषय निघतो, आणि दर वेळी त्याच दोन वाटांनी जातो. एक बाजू विचारते, लहान मुलीवर अत्याचार करून तिला मारणाऱ्याला झोपेतलं मरण कशाला? दुसरी बाजू म्हणते, या काळात माणसाला दोराला लटकवणं रानटीपणाचं आहे, त्याला शांतपणे जाऊ द्या. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच धरून ठेवली आहे, ती म्हणजे इंजेक्शनने येणारं मरण शांत असतं. भांडण फक्त तो माणूस त्या शांततेला लायक आहे की नाही, यावर चाललंय.

मी ठाण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. ज्या औषधांबद्दल हे सगळं बोललं जातं, त्यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे. म्हणून आधीच स्पष्ट सांगते. इंजेक्शन गळफासापेक्षा दयाळू आहे याला पुरावा नाही. जो पुरावा आहे तो उलट बाजूचा आहे. इंजेक्शनने सुसह्य होतं ते बघणाऱ्याचं बघणं. आणि आपल्या देशाने ही पद्धत घेतली, तर ती चालवायला वैद्यकशास्त्राचे हात लागतील, मग ते डॉक्टरचे असोत, नर्सचे असोत किंवा घाईने शिकवून तयार केलेल्या एखाद्या शिपायाचे. फाशीची शिक्षाच कायद्यातून जावी असं माझं मत आहे, ते मी लपवत नाही. पण ज्यांना ती शिक्षा राहावीशी वाटते, त्यांनीही सुई मागू नये, असं मला सांगायचं आहे.

गळफासाची बाजू घ्यायला मी बसलेले नाही. कैद्याच्या वजनावरून दोराची लांबी ठरवायची, म्हणजे मान मोडून क्षणात शुद्ध जाते, ही पद्धत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रूढ झाली आणि आपल्या तुरुंगांच्या नियमांत तीच उतरली. दोर कमी पडला तर माणूस गुदमरत जातो, जास्त झाला तर डोकं धडापासून तुटू शकतं. ब्रिटनमध्ये फाशी दिलेल्यांचे सांगाडे पुढे तपासले गेले, तेव्हा मानेचं हाड ठरल्याप्रमाणे मोडल्याची खूण थोड्यांमध्येच सापडली. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गळफास घटनाबाह्य नाही असा निकाल दिला, तो लिहिणारे सरन्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड. चाळीस वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, त्यांचेच पुत्र सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी गळफासाने होणाऱ्या वेदनांबद्दल शास्त्रीय माहिती सरकारकडे मागितली. तो प्रश्न योग्यच होता. विधी आयोगानेही २००३ च्या १८७व्या अहवालात इंजेक्शनचा पर्याय कायद्यात घालण्याची शिफारस केली होती. त्या वेळी बाहेरून पाहणाऱ्या कुणालाही अमेरिकेतली पद्धत स्वच्छ आणि सुटसुटीत वाटली असती. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत जे उघड झालं, ते त्या अहवालाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. आज आपल्याला ते ठाऊक आहे.

ही पद्धत जन्मली कशी, ते आधी बघू. १९७७ मध्ये ओक्लाहोमा राज्याने विजेच्या खुर्चीला पर्याय शोधायला घेतला. राज्याचे मुख्य न्यायवैद्यक अधिकारी जे चॅपमन यांनी एक क्रम सुचवला आणि तो पुढे तीन औषधांचा झाला. पहिलं थायोपेंटल, म्हणजे आमचं पेंटोथल, शुद्ध घालवण्यासाठी. दुसरं पॅनक्युरोनियम, अंगातला प्रत्येक हलणारा स्नायू लुळा करण्यासाठी. तिसरं पोटॅशियम क्लोराईड, हृदय थांबवण्यासाठी. यावर ना कुठला प्रयोग झाला, ना कुठली चाचणी. ७ डिसेंबर १९८२ रोजी टेक्ससमध्ये ती पहिल्यांदा माणसावर वापरली गेली आणि राज्यामागून राज्य तीच उचलत गेलं.

यातल्या दुसऱ्या औषधापाशी मी मुद्दाम थांबते. शस्त्रक्रियेत स्नायू सैल करणारं औषध आम्हीही देतो, पण ते देताना आमच्या डोक्यात एकच धास्ती असते. पेशंट आतून जागा तर नाही ना? कारण हे औषध वेदना कमी करत नाही, शुद्धही घालवत नाही, फक्त वेदना दाखवण्याची सोय काढून घेतं. पापणी हलत नाही, ओरडता येत नाही, छाती उचलत नाही. म्हणून आम्ही नाडीचा वेग बघतो, रक्तदाब बघतो, डोळ्यांत पाणी येतंय का बघतो, आणि शेवटपर्यंत उशाशी उभे राहतो. मृत्युदंडाच्या खोलीत औषध देणारा माणूस बहुतेक ठिकाणी भिंतीपलीकडे असतो, लांब नळीने औषध सोडतो. पहिलं औषध नीट पोचलं नाही, तर टेबलावरचा माणूस जागेपणी गुदमरतो आणि पोटॅशियमची आग नसांमधून हृदयाकडे जाताना सोसतो. काचेपलीकडच्या साक्षीदारांना दिसतो तो शांत झोपलेला चेहरा. मरणाऱ्याच्या वेदनेसाठी या औषधाचा काहीच उपयोग नाही. मग ते क्रमात आहे कशासाठी? अमेरिकेच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने जनावराला मरण देताना भुलीच्या औषधात स्नायू लुळं करणारं औषध मिसळायला मनाई केली आहे. कुत्र्यासाठी जे निषिद्ध, ते माणसासाठी दयाळू कसं?

प्रत्यक्षात काय घडलं याच्या नोंदी आहेत. एप्रिल २०१४ मध्ये ओक्लाहोमात क्लेटन लॉकेटला इंजेक्शन द्यायला घेतलं. नस सापडेना म्हणून जांघेतून सुई घातली, वर चादर पांघरली, औषध नसेऐवजी आजूबाजूच्या मांसात गेलं, आणि तो ४३ मिनिटांनी मेला. त्याच वर्षी जुलैत ॲरिझोनामध्ये जोसेफ वुडला एकामागून एक पंधरा डोस दिले, तरी तो जवळजवळ दोन तास धापा टाकत होता. २००९ मध्ये ओहायोत रॉमेल ब्रूमला दोन तास टोचत राहिले, नस मिळाली नाही, शेवटी त्याला कोठडीत परत पाठवलं. अलाबामात नोव्हेंबर २०२२ मध्ये केनेथ स्मिथच्या बाबतीत हेच झालं, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याला नायट्रोजन वायूने मारलं. एका अमेरिकी अभ्यासकाने १८९० ते २०१० या काळातल्या तिथल्या मृत्युदंडांचा हिशेब मांडला. गळफासाचे सुमारे तीन टक्के प्रसंग फसले होते. इंजेक्शनचे सात टक्क्यांहून थोडे जास्त. सगळ्यांत आधुनिक म्हणून आणलेली पद्धत सगळ्यांत जास्त वेळा फसली. २०२० मध्ये तिथल्या सार्वजनिक रेडिओने दोनशेहून अधिक शवविच्छेदन अहवाल तपासले, तेव्हा बहुसंख्यांच्या फुप्फुसांत पाणी भरलेलं आढळलं. म्हणजे बाहेरून शांत दिसलेल्या कित्येकांना आत बुडाल्यासारखं वाटलं असण्याची शक्यता आहे.

हे वाचून कुणी म्हणेल की हा सगळा कौशल्याचा प्रश्न आहे. तीनऐवजी एकच औषध भरपूर मात्रेत द्या, जाणकार माणूस ठेवा, काम चोख होईल. नेदरलँड्समध्ये दुर्धर आजाराचे पेशंट स्वतः मागतात तेव्हा डॉक्टर त्यांना शांत मरण देतात, तेही अशाच औषधांनी. माझ्या मते विरुद्ध बाजूचा हा सर्वांत जोरकस मुद्दा आहे. औषध योग्य, नस चांगली आणि हात सरावलेला असेल, तर माणूस वेदनेशिवाय जाऊ शकतो. मी ते नाकारणार नाही. नाकारलं तर माझ्याच विद्येशी खोटं बोलल्यासारखं होईल.

पण त्या खोलीत आणि तुरुंगाच्या खोलीत फरक किती! तिथला पेशंट स्वतः हात पुढे करतो. इथला माणूस पट्ट्यांनी बांधलेला असतो, भीतीने त्याच्या नसा आखडलेल्या असतात, वर्षानुवर्षांच्या नशेने किंवा आजाराने त्या आधीच खराब झालेल्या असू शकतात. थंडीने कुडकुडणाऱ्या, घाबरलेल्या पेशंटची नस शोधताना अनुभवी माणसाचाही कस लागतो. आम्ही त्याच्याशी बोलत राहतो, हात चोळतो, गरम कपडा ठेवतो, नाहीच जमलं तर सहकाऱ्याला हाक मारतो. हे सगळं कैद्याला मारण्यासाठी कोण करणार? आपल्याकडे २००४ ते २०२० या सोळा वर्षांत आठ जणांना फाशी झाली. मधे कित्येक वर्षं एकही नाही. इतक्या विरळ कामात सराव कुणाला आणि कसा होणार? म्हणजे कौशल्य हवं असेल तर ते हॉस्पिटलमधूनच आणावं लागेल. जागतिक वैद्यक संघटनेने १९८१ मध्येच ठराव केला की मृत्युदंडात डॉक्टरने भाग घेणं वैद्यकीय नीतीला सोडून आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेचीही तीच भूमिका आहे. तिथली गोची नेमकी इथेच झाली. ज्यांना हे काम येतं ते नकार देतात आणि ज्यांना येत नाही ते ते करतात.

आजही फाशीच्या वेळी तुरुंगाचा डॉक्टर हजर असतो, हे खरं. तो मृत्यूची खात्री करतो. मला तेही पटत नाही, पण मेलेल्या माणसाची नाडी बघणं आणि जिवंत माणसाच्या नसेत मरण सोडणं यांत अंतर आहे. माझ्यासमोर टेबलावर येणारा पेशंट मला ओळखत नसतो. अर्ध्या मिनिटात तो आपला श्वाससुद्धा माझ्या हाती सोपवणार असतो. भुलीच्या त्या पांढऱ्या द्रवाचा आणि त्या सुईचा अर्थ त्याच्या मनात एकच असतो, की ही माणसं मला परत उठवतील. सरकारने तीच सुई, तीच सलाइनची बाटली, तोच स्पिरिटचा बोळा शिक्षेसाठी उचलला तर या विश्वासाला तडा जातो. अमेरिकेत टोचण्याआधी कैद्याच्या दंडावर स्पिरिट लावलं जातं, म्हणजे ज्याला पाच मिनिटांत मारायचं आहे त्याला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून! काळजीचं हे सोंग मला दोरापेक्षा जास्त अस्वस्थ करतं.

औषधांचा व्यवहारी प्रश्न तर आपल्या दारातलाच आहे. थायोपेंटल बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये उत्पादन थांबवल्यावर तिथल्या तुरुंगांनी जगभर हात पसरले. नेब्रास्का राज्याने ते मुंबईच्या एका कंपनीकडून मागवलं. बोभाटा झाल्यावर, जीव घेण्यासाठी आपण हे औषध विकणार नाही, असं त्या कंपनीने त्याच वर्षी जाहीर केलं. युरोपीय संघानेही अशा औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. २०१३ मध्ये मिसुरी राज्याने प्रोपोफॉल वापरायचं ठरवलं, तेव्हा युरोपातून येणारा त्याचा पुरवठाच अडचणीत येण्याची वेळ आली. प्रोपोफॉल म्हणजे आज भूल देताना सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध. तिथल्या हॉस्पिटलांनी आणि भूलतज्ज्ञांनी हाकाटी केली आणि राज्यपालांना माघार घ्यावी लागली. एका कैद्यासाठी लाखो शस्त्रक्रिया टांगणीला लागणार होत्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, तळोज्यात औषधनिर्मितीवर किती घरं चालतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. जगाला स्वस्त औषधं पुरवणारा देश म्हणून मिळवलेलं नाव आपण तुरुंगाच्या खोलीसाठी पणाला लावायचं का?

मुळात दयाळू मृत्युदंडाचं आश्वासन नवं नाही. क्रांतीच्या काळात फ्रान्समध्ये डॉ. गिलोटिन यांनी, गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखं आणि वेदनेविना मरण मिळावं म्हणून यंत्राने शिरच्छेद करण्याची बाजू मांडली. १७९२ मध्ये ते यंत्र चालू झालं, आणि मारणं इतकं सोपं झालं की दोन वर्षांत त्याखाली हजारो मुंडकी पडली. न्यूयॉर्कने फाशी रानटी म्हणून १८९० मध्ये विजेची खुर्ची आणली. पहिल्याच कैद्याला दोनदा झटके द्यावे लागले. १९२४ मध्ये नेवाडाने विषारी वायू आणला. मग आलं इंजेक्शन, मग नायट्रोजन, आणि आता काही राज्यं परत बंदुकीच्या गोळीकडे वळली आहेत. दर वेळी जुनी पद्धत अमानुष ठरते, दर वेळी नवी पद्धत शास्त्रीय म्हणून येते. पद्धतीत दोष आहे असं म्हणत राहिलं की शिक्षेकडे बघायची वेळच येत नाही.

ही झाकपाक आपल्या शहरालाही परिचयाची आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिली ती ठाण्याच्या तुरुंगात. घटना नाशिकची, खटला मुंबईत, आणि फास ठाण्यात, जुन्या किल्ल्याच्या भिंतीआड. जे करायचं ते लोकांच्या नजरेआड करायचं, ही त्या राजवटीची गरज होती. कारण लोकांनी बघितलं असतं तर प्रश्न विचारले असते. लोकशाहीत तर प्रश्न विचारलेच गेले पाहिजेत. राज्य माणूस मारत असेल, तर ते मारणं मारण्यासारखं दिसलं पाहिजे. दवाखान्यासारखी खोली, पांढरी चादर आणि सलाइन लावून त्याला उपचाराचं रूप देण्याचा हक्क राज्याला नाही.

कैद्यालाच निवडू द्या, हा तोडगा वरवर न्याय्य दिसतो. पण ज्याच्यापुढे मरण अटळ ठेवलंय, त्याच्याकडून त्याच्याच मरणाच्या पद्धतीवर सही घेणं याला निवड म्हणायचं का? पद्धत फसली तर जबाबदारी कुणाची? सही करणाऱ्याची? तरीही एक आक्षेप मला टाळता येत नाही. फाशी रद्द होईपर्यंत जे मरणार आहेत त्यांनी आमच्या तत्त्वासाठी जास्त वेदना का सोसाव्यात? इंजेक्शनने वेदना खरोखर कमी होत असत्या, तर या आक्षेपापुढे मी मान तुकवली असती. त्या कमी होतात असं कुठेही दिसत नाही.

आता त्या मुलींकडे आणि त्यांच्या आईबापांकडे येऊ, कारण बोलणं शेवटी तिथेच येतं आणि यायलाच हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांच्या दोन मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले आणि आरोपीच्या फाशीच्या घोषणा दिल्या. त्या संतापात मला खोट दिसत नाही. पुढच्याच महिन्यात तो आरोपी, तळोजा कारागृहातून नेला जात असताना, मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गोळीने मेला. खटला उभा राहिलाच नाही. त्याच ठाणे जिल्ह्यातले आणखी दोन खटले आहेत, त्यांच्यासाठी कुणी रुळांवर उतरलं नाही. भाईंदरमध्ये २०१० साली सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून खून झाला. एकाला फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. डीएनए नमुन्यांच्या हाताळणीत ढिसाळपणा झाला होता. २०१३ मध्ये ठाण्यात चार वर्षांचीही नसलेल्या मुलीचा असाच खून झाला. त्यातही फाशी, त्यातही उच्च न्यायालयाचा दुजोरा, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून सुटका. ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला नाही अशी ही दोन माणसं आणि फासाची खोली यांच्यामध्ये एकच न्यायालय उरलं होतं. आणि त्या दोन मुलींचे गुन्हेगार? तपास इतका कच्चा झाला की आज त्यांच्या आईबापांच्या हाती काहीच नाही. २०१९ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना निर्दोष ठरवलं. त्याच्या दहा वर्षं आधी याच न्यायालयाने त्या सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केलं होतं. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई मिळाली. त्या दहा वर्षांत काम 'सुटसुटीत' झालं असतं, तर ती भरपाई कुणाला द्यायची होती?

बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत, फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क द्यावा का, या चर्चेत सांगितलं होतं की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ. अपील वाढवून प्रश्न सुटत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. अवजार बदलून तर तो नक्कीच सुटणार नाही. कनिष्ठ न्यायालयं अजूनही दर वर्षी शंभराहून अधिक जणांना ही शिक्षा सुनावतात, पाचशेहून अधिक कैदी तिच्या छायेत आहेत, आणि त्यातले बहुतेक वरच्या न्यायालयांत वाचतात किंवा वर्षानुवर्षं लटकत राहतात. मृत मुलीच्या आईला इतकी वर्षं तारखांमागे धावायला लावणारी ही व्यवस्था तिला न्याय देते असं कुणी म्हणू नये.

शिक्षा रद्द व्हायला वेळ लागेल, हे मला कळतं. तोपर्यंत दोन गोष्टी लगेच होऊ शकतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीनंतरचं शवविच्छेदन सक्तीचं केलं. त्यानंतर पाच जणांना फाशी झाली आहे, एकाला नागपुरात, चौघांना तिहारमध्ये. गळफासाने काय होतं यावर वकिलांनी भाषणं करण्यापेक्षा न्यायालयाने ते अहवाल मागवावेत आणि लोकांपुढे ठेवावेत. आणि डॉक्टरांच्या, विशेषतः भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी निकालाची वाट न बघता आत्ताच लेखी कळवावं की ही औषधं आम्ही त्या कामासाठी भरणार नाही, नस शोधून देणार नाही आणि हे काम कुणाला शिकवणारही नाही.